कापलेली चार मिनिटं

माझा धंदा मिक्सिंगचा, असं सांगितलं की लोक अजूनही विचारतात, कशाचं मिक्सिंग? मुखेडच्या माझ्या एका मावशीनं तर वर्षभर सगळ्या गावाला सांगितलं होतं की आमची पोरगी नांदेडात मसाला कांडते. म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. लग्नात कॅमेरा घेऊन फिरतो तो शूटिंगवाला. हळदीपासून पाठवणीपर्यंत तो सगळं टिपतो आणि आमच्याकडं आणून टाकतो. आधी कॅसेटी यायच्या, आता नखाएवढं कार्ड येतं. त्या आठ-दहा तासांतून दोन-अडीच तासांचं लग्न काढायचं, त्यावर गाणी बसवायची, नावं टाकायची, हे मिक्सिंग. नांदेडात एका जिन्याखालच्या खोलीत बसून मी हे सव्वीस वर्षं केलं. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून थांबले.

यातली गंमत अशी की मी एकाही लग्नाला हजर नसते आणि लोहा, मुखेड, अहमदपूर या भागातली शेकडो माणसं मला चेहऱ्यानं माहीत असतात. बसस्टँडवर एखादी बाई दिसते आणि मला आठवतं, ही पाठवणीच्या वेळी रडायचं सोडून भांडी मोजत होती. तिला मात्र मी कोण, हे ठाऊक नसतं.

आमच्या कामाचा एक नियम आहे. तो कुणी शिकवत नाही, सहा महिन्यांत आपोआप हाताला लागतो. पडद्यावर कुणी वाईट दिसता कामा नये. जेवताना उघडलेलं तोंड काढायचं. नवरदेवाचा बाप आचाऱ्यावर खेकसतो ते काढायचं. नवरी जांभई देते ते काढायचं. लोह्याच्या एका गृहस्थांनी भावाशी भांडण झालं म्हणून आख्ख्या लग्नातून भाऊ काढायला लावला होता. भाऊ सारखा नवरदेवाला चिकटून उभा. आठ दिवस खपून मी तो काढला. दोन वर्षांनी दोघं भाऊ एकत्र आले, चहा प्यायले आणि म्हणाले, आता परत घाला.

आणि एक बाई यायच्या, मुखेडहून एस.टी.नं. त्यांची मुलगी बाळंतपणात गेली होती. मुलीचा एकही व्हिडिओ घरात नव्हता. चुलत बहिणीच्या लग्नात ती पंक्तीत वाढताना तेवढी दिसते, चार-पाच सेकंद. मला त्या बाईंचं काही काढायचं नव्हतं की घालायचं नव्हतं. मी ते चार-पाच सेकंद लावून द्यायची, त्या बघायच्या, पाणी प्यायच्या आणि परतीच्या गाडीला जायच्या. अशा त्या चार-पाच वर्षं येत होत्या, मग यायच्या थांबल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

अहमदपूरचे गफूरभाई माझे जुने शूटिंगवाले. एके दिवशी त्यांच्याबरोबर एक बाई आल्या. वर्षा त्यांचं नाव, अहमदपूरच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. मूळच्या लातूरच्या, आडत बाजाराच्या मागं हमालांची जी वस्ती आहे तिथल्या. वडील हमाल होते. वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या वस्तीत एक जंगम स्वामी होते, त्यांच्यावर वर्षाताईंना फिल्म करायची होती. लिंगायतांमध्ये जन्मापासून मरणापर्यंतचे विधी जंगम करतात, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. या स्वामींना वस्तीत सगळे अप्पा म्हणत. वर्षभर दर रविवारी गफूरभाईंनी अप्पांच्या मागं मागं कॅमेरा फिरवला होता आणि आता ते सगळं माझ्या टेबलावर आलं होतं.

मी लग्नं सोडून काही केलेलं नव्हतं. म्हटलं, ताई, मला नाही जमायचं, पुण्याला कुणाला तरी द्या. त्या म्हणाल्या, "पुण्याच्या माणसाला हमाल दिसंल. मला माझी माणसं दिसायला पाहिजेत." मग मी हो म्हटलं.

दोन महिने मी दुपारभर अप्पांना बघत बसले. सत्तरी ओलांडलेला, उंच, किडकिडीत माणूस. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगात भगवा सदरा, बाहीला ठिगळ. अप्पा चाळीस वर्षं आडत बाजारात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल तराजूवर तोलणारे. मापात घट धरायला, म्हणजे शेतकऱ्याचं वजन कमी दाखवायला नकार दिला म्हणून दोनदा काम गेलं होतं. सकाळी मठात पूजा, दिवसभर काटा, संध्याकाळी परत मठ. मठ म्हणजे पत्र्याची एक खोली. वस्तीत लिंगायत निम्मेसुद्धा नव्हते, पण अप्पांकडं सगळेच यायचे. तान्ह्या लेकरांच्या कपाळाला विभूती लावायला मुसलमानांच्या बायका यायच्या. हमालांच्या पाठी ते स्वतः तेल लावून चोळायचे. एका घराच्या वास्तुशांतीत घराला दारच नव्हतं, साडी टांगलेली होती. अप्पांनी त्या साडीला हळदकुंकू लावलं, पाया पडले आणि मगच आत गेले. दारू पिऊन पडलेल्या माणसाला उठवताना ते त्याच्या बापाचं नाव घेऊन हाक मारायचे. माणूस बापाच्या नावानं उठतो, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात, निराधारांच्या अर्जाच्या रांगेत, सगळीकडं हा माणूस उभा.

मी कधी कुणाच्या पायाबिया पडणारी नाही, पण महिनाभरात खोलीत शिरताना मी स्क्रीनवरच्या अप्पांना नमस्कार करायला लागले होते.

शेवटच्या कार्डात ती क्लिप होती. चार मिनिटं वीस सेकंद. दुपारची वेळ, अप्पा मठात भिंतीला टेकून बसलेले. वर्षाताई विचारतात की कोरोनात वस्तीतली किती माणसं तुम्ही मातीपर्यंत पोचवली. अप्पा बोटांवर मोजायला लागतात. मग म्हणतात, "एक सोडून सगळी."

तो एक म्हणजे मल्लू हमाल. दुसऱ्या लाटेत तो दवाखान्यातच वारला. त्याची बायको सरूबाई दुसऱ्या वॉर्डात होती, तिलाही तोच आजार. मूलबाळ नव्हतं. दुपारी अप्पांना फोन आला की बॉडी परस्पर स्मशानात नेताहेत, यायचं तर या, लांब उभं राहा. अप्पांनी आंघोळ केली, विभूती आणि बेलाची पानं घेतली आणि चालत निघाले. वस्तीच्या तोंडाशी टायरचं दुकान आहे, तिथपर्यंत गेले आणि तिथून परत आले.

"भ्याव वाटलं," अप्पा कॅमेऱ्याकडं बघून सांगतात. "तोवर आठ जनं पोचवले हुते, तवा न्हाई वाटलं. त्या दिशी वाटलं. दम्याचा मानूस मी. दुसरं काय कारन न्हाई."

बारा दिवसांनी सरूबाई घरी आली. तिनं एवढंच विचारलं, अप्पा, तुम्ही होता ना? अप्पा म्हणाले, होतो. लिंगायतात माणसाला मातीत बसवून ठेवतात, आयुष्यभर गळ्यात घातलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. तिनं विचारलं, बसवलं का? लिंग दिलं का हातात? अप्पांनी सांगितलं, बसवलं, दिलं.

इथं क्लिपमध्ये अप्पा उठतात, देवळीतून एक पत्र्याची डबी काढतात. डबीत कापडाची पुरचुंडी, पुरचुंडीत दोऱ्यासकट जांभळाएवढं काळं लिंग. दवाखान्यानं मल्लूचं सामान अप्पांच्या ताब्यात दिलं होतं, त्यात ते आलं. "हे हितंच ऱ्हायलं," ते म्हणतात. पुढं त्यांनी सांगितलं की खड्डा खणणाऱ्याला गाठून त्यांनी जागा विचारून घेतली होती, पूर्वेच्या भिंतीला, हापशापासून सात पावलं. दर सोमवारी तिथं बेल वाहून यायचे. पण सरूबाईला तोंडानं सांगणं झालं नव्हतं. शेवटी अप्पा वर्षाताईंना म्हणतात, "हे ठिवा पिच्चरमदी. तिला म्होरं बसवतो मी. तुमच्या पडद्यानंच सांगू द्या."

मी ती क्लिप किती वेळा बघितली याचा हिशेब नाही. वर्षाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्या दिवसापासून मला झोप नाही. हे दाखवलं तर बाकीच्या आठ घरांतली माणसं म्हणतील, आमच्या बापाचं तरी खरं केलं का? वस्तीला दुसरा आधार काय आहे? पुढं त्या म्हणाल्या, "ताई, माझ्यानं होत न्हाई. मी तिथलीच हाय. तुम्ही बाहेरच्या, तुम्ही ठरवा."

गफूरभाईंना विचारलं, तर ते म्हणाले की मी टिपून दिलं, माझं काम झालं.

आठ दिवस मी ती क्लिप फिल्ममध्ये ठेवून बघितली, काढून बघितली. ठेवली की बाकी सगळी फिल्म काळवंडायची. तो साडीच्या दाराला पाया पडणारा माणूस वेगळाच दिसायला लागायचा. मी सरूबाईचा विचार केला असं म्हणेन तर ते खोटं होईल. फिल्ममध्ये ती दोनदा दिसते, डाळमिलमध्ये चाळणीवर काम करताना आणि मठात झाडताना. मी विचार केला तो अप्पांचा. इतक्या वर्षांची सवय हाताला. ज्याला जपायचं तो वाईट दिसला नाही पाहिजे. मी क्लिप काढली आणि शेवटाला अप्पा लेकरांना विभूती लावतात तो तुकडा घातला. फार सुंदर दिसत होता तो.

फिल्म वस्तीत दाखवायची ठरली. रविवारी दुपारी एका आडत्याच्या रिकाम्या गोदामात शटर पाडून पडदा लावला. मला बोलावणं आलं. माझं काम लोक कसं बघतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघणार होते, हौसेनं गेले. अप्पा पुढं पोत्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, आणि तिच्या पलीकडं अप्पांनी स्वतः बोलावून बसवलेली सरूबाई. चाळिशीची, बारीक, डोक्यावर पदर, हात मांडीवर ठेवलेले.

माणसं हसली, रडली, स्वतःला बघून लाजली. मी पडदा बघतच नव्हते. मी अप्पांकडं बघत होते. प्रत्येक नवा तुकडा सुरू झाला की त्यांचे खांदे वर यायचे आणि मग खाली जायचे. दवाखान्याचं दृश्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग वास्तुशांती आली, मग तेल लावणं आलं, मग लेकरं आणि विभूती, आणि उजेड झाला. लोक टाळ्या वाजवत उठले आणि रांगेनं अप्पांच्या पाया पडायला लागले. सरूबाईही पडली. अप्पांनी हात वर केला, पण तिच्या डोक्यापर्यंत नेला नाही.

गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, "ते कुटं गेलं?"

आमच्या धंद्यात एखादा तुकडा काढला की सांगायचा एक शब्द ठरलेला असतो, तोच माझ्या तोंडून आला. म्हटलं, "बसलं नाही, अप्पा."

"असं," ते म्हणाले. "माजं काम तुमच्यावर ढकललं मी. माजंच चुकलं." आणि माझ्यापुढं हात जोडून गेले.

त्यानंतर दीड वर्ष अप्पा होते. सरूबाई रोज मठ झाडायची, रोज त्यांच्यासमोर असायची. त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटत राहिलं, ते सांगतील. वर्षाताईंचा अधूनमधून फोन यायचा, आम्ही फिल्म कुठं कुठं दाखवली ते बोलायचो आणि हा विषय टाळायचो. कार्डावरचं कच्चं शूटिंग काम झाल्यावर पुसायचं असतं, जागा मोकळी करायची असते. बाकीचं पुसलं. ती क्लिप मात्र पुसायला हात गेला नाही.

मग अप्पा दम्यानं गेले. आख्खी वस्ती, बाजारातले आडते, दुसऱ्या तालुक्यांतले जंगम, सगळे आले होते म्हणे. एका दिवसाचा बाजार बंद राहिला. महिन्याभरानं वर्षाताईंचा फोन आला. अप्पांच्या मुलानं मठ आवरायला काढला होता आणि देवळीत ती डबी सापडली होती. कुणाचं लिंग, कुणाला ठाऊक नव्हतं. सोमवारी मांजरा नदीत सोडून येऊ, असं मुलगा म्हणत होता.

मी म्हटलं, थांबवा त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळची लातूर गाडी धरली. मांडीवर लॅपटॉप होता. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, अहमदपूरला वर्षाताई चढल्या. चाकूर गेलं. लातूरला उतरून वर्षाताईंनी आधी अप्पांच्या मुलाकडून डबी घेतली.

सरूबाई त्या दिवशी घरीच होती, चाळणीची पट्टी तुटली म्हणून मिल बंद होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. वर्षाताईंनी तिला बसवलं आणि सांगितलं की अप्पांचं एक बोलणं तुला दाखवायचं राहिलंय. मी लॅपटॉप तिच्यापुढं जमिनीवर ठेवला आणि क्लिप लावली.

ती चार मिनिटं मी भिंतीवरच्या मल्लूच्या फोटोकडं बघत काढली. क्लिप संपली. सरूबाई म्हणाली, ते टायरच्या दुकानाचं पुन्यांदा लावा. मी लावलं. तिनं ते ऐकलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी आडवाच टाकला त्याला?"

सरूबाई रडली नाही. वर्षाताईंनी डबी पुढं केली, ती तिनं घेतली, उघडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमाला कवापासून ठाव हाय?"

"दोन वर्षं होत आली," मी म्हटलं.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "आन मी रोज त्याच्या पाया पडून ऱ्हायले."

मी काहीतरी बोलायला लागले. अप्पांना सांगायचं होतं, त्यांनी ठेवा म्हटलं होतं, मीच काढलं, वस्तीसाठी काढलं, असं काहीबाही. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "बाई, आता तरी कामून सांगितलं? खोटं हुतं पर मला झोप येत हुती त्याच्यावर." डबी नदीत जाऊ द्यायला हवी होती का, हे मी स्वतःला कितीदा विचारलं आहे. नदीत गेली असती तर सरूबाईला झोप राहिली असती आणि मल्लूचं लिंग कुठल्या तरी गाळात. यातलं बरं कोणतं, हे ज्याला कळत असेल त्यानं मला सांगावं.

सरूबाई उठली, तोंड धुतलं, विभूती आणि खुरपं घेतलं. वर्षाताई म्हणाल्या, दुसऱ्या वस्तीतल्या स्वामींना बोलावते, विधीनं करू. सरूबाई म्हणाली, "आता कोनाला बलवू? म्या डोळ्यानं बघितल्याबिगर मला पटायचं न्हाई. मीच करते."

स्मशानभूमी वस्तीपासून वीस-पंचवीस मिनिटांच्या वाटेवर आहे. ऊन तापलं होतं. वाटेत कुणीतरी बेलाचं झाड सांगितलं, तिथून तिनं पानं तोडली. हापशापासून सात पावलं. पण कुणाची पावलं? अप्पा उंच होते, टांग मोठी. सरूबाई भिंतीच्या कडेनं सात पावलं चालली आणि थांबली. मग आणखी दोन टाकली. तिथं गवतात बेलाची वाळलेली पानं होती, पार काळी पडलेली, वाऱ्यानं भिंतीशी गोळा झालेली. ती खाली बसली.

माती दगडासारखी होती. वर्षाताईंनी खुरपं मागितलं, तिनं दिलं नाही. कोपरभर खड्डा व्हायला बराच वेळ लागला. तिनं डबी उघडली, लिंग हातात घेतलं, पदरानं पुसलं. विभूती लावली, बेल ठेवला. तिला जेवढं म्हणता येत होतं तेवढं म्हटलं. मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग लिंग खड्ड्यात ठेवून दोन्ही हातांनी माती लोटली. माती लोटताना ती मल्लूशी काहीतरी बोलली. आम्ही लांब उभ्या होतो, आम्हाला ऐकू आलं नाही.

परत निघताना वाटेतच अप्पांची समाधी लागते. नवीन बांधकाम, पांढरा चुना, वर ताज्या फुलांचे हार. वस्तीतलं कुणी ना कुणी रोज येतं म्हणे. वर्षाताई तिथं थांबल्या, चप्पल काढली. मीही काढली. आम्ही दोघींनी हात जोडले. मी मनात म्हटलं, अप्पा, सांगितलं. उशिरा सांगितलं.

मागं वळून बघितलं तर सरूबाई आमच्या बरोबर नव्हती. ती फाटकापाशी पोचली होती. समाधीकडं पाठ करून, हातातलं खुरपं दगडावर घासून माती काढत होती. आम्ही चपला घातल्या आणि तिच्याकडं चालायला लागलो. आम्ही जवळ येताहोत हे तिला ऐकू आलं असणार. ती वळली नाही, आम्ही पोचायच्या आत रस्त्याला लागली.